लिंबाजीतात्याचा डावरा हवालदार

आमच्या कुंभार पिंपळगावात लिंबाजीतात्या सिनेमा मागून बघतो.

मागून म्हंजी मागच्या रांगेतून न्हाई. पडद्याच्या मागून! सगळं गाव पडद्याच्या म्होरं बसलेलं, अन् हा चांगल्या काळ्या रानाचा मालक, डोक्याला तांबडा पटका बांधून, पडद्याच्या पल्याड मांडी घालून बसलेला. शेजारी पाण्यानं भरलेली बादली.

तुम्ही म्हणाल, बादली कामून? सांगतो, घाई करू नका.

दरसाल ज्वारी हुरड्यात आली की उस्मानचाचाचा तंबू आमच्या बाजारतळावर पडतो. एक धुराडं इंजिन, एक मशीन, सिनेमाच्या रिळांची एक पत्र्याची पेटी, अन् मधोमध ताणलेलं पांढरं कापड. मशीनच्या बाजूनं बसायचं तिकीट जास्त. कापडाच्या पल्याड बसायचं तिकीट निम्मं. कापड पातळ असतं, पाणी मारून भिजवलं की चित्र आरपार दिसतं. फक्त मागून उलटं दिसतं, आरशात बघावं तसं. अक्षरं उलटी. उजवा हात डावा, डावा हात उजवा. आता निम्मं तिकीट काढणाऱ्याला त्याचं काय? त्याला निम्म्या पैशात अख्खा सिनेमा मिळतो, हात काय चाटायचेत?

पण तात्याला काय कमी? उस्मानचाचा त्याला फुकट खुर्ची देतो, तीबी म्होरं, मास्तरच्या शेजारी. तात्या म्हणतो, "खुर्चीवर तू बस. मला मागून बिलकुल बराबर दिसतं."

अन् नुस्ता बसत न्हाई. कापड वाळलं की मागचं चित्र फिकं पडतं. म्हणून हा गडी आपल्या मळ्यातून पाणी आणतो, लिंबाचा डहाळा बादलीत बुडवतो अन् सिनेमा संपस्तोवर कापडावर पाणी शिंपडत राहतो. आमच्या मारुतीचा पुजारी बी एवढ्या भक्तीनं देवाला पाणी घालत न्हाई. मी पुजाऱ्याला हे तोंडावर सांगितलं होतं. तव्हापासून तो मला परसाद देत न्हाई.

मी कोण? मला गाव नकल्या म्हणतं. पाटलाची घोडी, मास्तरचं शिंकणं, उस्मानचाचाचं इंजिन सुरू होताना जे खाकरतं ते, सगळं मला येतं. घनसावंगीच्या शाळेत चार बुकं शिकलो. पाचव्या बुकात तिथल्या गुरुजींची नक्कल करत होतो तव्हा सगळी पोरं एकदम हसायची थांबली. मला वाटलं नक्कल फसली. मागं वळून पाहिलं तर गुरुजी! शिक्षण तिथंच आटपलं.

आता सिनेमा सांगतो. अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका.

नाव 'मुर्दा पलटन'. कुठल्या तरी जुन्या लढाईतली गोष्ट हाय. खंदक, चिखल अन् धुकं. पलटणीचा हवालदार गोळी लागून मरतो, अन् त्याला तसाच चिखलात टाकून पलटण मागं सरकते. न माती, न आग. मंग काय! रोज अंधार पडला की धुक्यातून एक कंदील हलत हलत येतो. आधी कंदील दिसतो. मंग बूट. चपक, चपक, चपक. मंग टोपी. अन् टोपीखाली तोंडच न्हाई! नुस्ता काळोख! एका हातात कंदील, दुसऱ्या हातानं कडक सलाम ठोकतो अन् आपल्या पलटणीची हजेरी घेतो. "शेरखान!... भीमसिंग!..." अन् जो गडी "हाजिर" म्हणला, तो दुसऱ्या दिवशी खलास.

आमच्या गावाला हा सिनेमा तोंडपाठ हाय. तरी बी भीमसिंगाचं नाव आलं की अख्खा तंबू उभा राहतो अन् ओरडतो, "हाजिर म्हणू नको रे, भीम्या!" बाया ओरडतात, पोरं ओरडतात, मारवाडी सावकार बी ओरडतो. अन् भीम्या आपला दरसाल, दररोज, छाती काढून म्हणतो, "हाजिर!" मंग "गेलं रे लेकरू!" म्हणून असा काही गलका होतो की इंजिन ऐकू येत न्हाई. एका म्हातारीला एवढा राग आला की तिनं भीम्याला चप्पल फेकून मारली. चप्पल कापडावरून उडाली अन् पल्याड तात्याच्या बादलीत पडली. तात्यानं ती बाहेर काढली, झटकली अन् म्हणला, "म्हातारे, नेम चांगला हाय, पण भीम्याला लागत न्हाई. सवालच न्हाई."

ह्या सिनेमापायी शाळेत काय झालं ते ऐका. मास्तर हजेरी घ्यायला लागले की वर्गात सन्नाटा. "गोविंदा!" गोविंदा हात वर करतो. "अरे, तोंडानं बोल!" गोविंदा खोकतो. "पांडुरंगा!" पांडुरंग उठून उभा राहतो, बसतो, पुन्हा उभा राहतो, पण हाजिर म्हणत न्हाई. म्हणंल कशाला? त्याला काय मरायचं हाय? मास्तर पेटले. त्यांनी सगळ्यांची गैरहजेरी मांडली. अख्खी शाळा मांडीला मांडी लावून बसलेली अन् सरकारी कागदावर एक पोरगं न्हाई.

दरसाल तोच सिनेमा कामून, तर तिकडं सायबाची खरीखुरी लढाई चालू हाय म्हणून. साखर मिळना, रॉकेल मिळना, तिथं नवीन सिनेमा कुठून मिळणार? उस्मानचाचा म्हणतो, "नई पिक्चर कायकू होना मियाँ? इसीच में लोगां मर जारे."

अन् ह्याच लढाईत तात्याचा भाऊ गेलाय. हरी.

हरी तात्याहून लई लहान. आई-बाप साथीत गेले तव्हा तो रांगत होता. तात्याला स्वतःचं पोरबाळ न्हाई, तव्हा भाऊ म्हणा, लेक म्हणा, जे काय होतं ते हरी. जन्माचा डावरा, चालताना एक खांदा पाडलेला. गोफण डाव्या हातानं, विळा डाव्या हातानं, अन् भाकर बी डाव्याच हातानं. भाकरीपायी त्यानं तात्याच्या हातचा मार खाल्ला, पण हात बदलला न्हाई. एक दिवस जालन्याच्या मोंढ्यावर सरकी घेऊन गेल्ता. तिथं पलटणीची भरती चालू होती. गाडी शेजाऱ्यानं परत आणली, हरी आला न्हाई. पयले कागद यायचे, दूर कुठल्या तरी बंदरावरून. मास्तर वाचून दाखवायचे. मंग कागद बंद झाले. आता दोन साल झाले.

गावात तात्याच्या तोंडावर कुणी काही बोलत न्हाई. पाठीमागं बोलतात. पाटलानं एकदा हिंमत करून म्हणलं होतं की तात्या, काही क्रियाकर्म करायचं असलं तर भटजीला इचारून ठेवू. तात्या म्हणला, "कुणाचं? माझं? मी तर जित्ता हाय." अन् वरून पाटलाला घरचा हुरडा खाऊ घातला. पाटील हुरडा खाऊन आला, पण पुन्हा त्या वाटेला गेला न्हाई.

तर हे असं असताना तात्यानं एक दिवस बाजारात, पानाच्या दुकानाम्होरं, जाहीर केलं:

"सिनेमातला हवालदार डावरा हाय."

मास्तर तिथंच पान खात होते. त्यांना ठसका लागला. "काय? अहो, उजव्या हातानं सलाम करतो तो! मी म्होरं बसून बघतो."

"मी मागं बसून बघतो. डाव्या हातानं करतो."

"सैन्यात उजव्याच हातानं सलाम करतात, तात्या. तसा नियम असतो."

"जित्तं असताना असंल नियम. मेल्यावर कोण कान धरणार हाय त्याचा?"

लोक हसले. मास्तर तापले. "तुम्ही उलट्या बाजूनं बघता म्हणून असं दिसतं! अहो, तिथून अक्षरंसुद्धा उलटी दिसतात!"

तात्यानं शांतपणे सुपारी कातरली. "मास्तर, मला सुलटी अक्षरं बी उलटीच दिसतात. सवालच न्हाई."

झालं! गावात दोन पार्ट्या पडल्या. उजवी पार्टी अन् डावी पार्टी. निम्मं तिकीट काढणारे सगळे डावे, कारण त्यांनी डोळ्यानं पाहिलेलं. म्होरचे सगळे उजवे. पानवाला इचारायला लागला, "कोणच्या हातानं देऊ?" न्हाव्यानं एका उजव्याची अर्धीच दाढी केली अन् म्हणला, राहिलेली अर्धी मास्तरकडून करून घे. एका लग्नात जेवणाच्या दोन पंगती वेगळ्या बसल्या. अन् मी? मी दोन्हीकडं जेवलो. उजव्यांत मास्तरची नक्कल न करता जेवलो, अन् डाव्यांत करून जेवलो.

मी एकदा तात्याला इचारलंच. "तात्या, तो डावरा असला काय अन् उजवा असला काय, तुम्हाला काय मिळतं?"

तात्या बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. म्हणला, "डावऱ्याला गोळी लागत न्हाई, नकल्या."

"कामून?"

"दुश्मन नेम धरतो तो उजव्या खांद्याला. तिथंच बंदूक असते ना. डावऱ्याची बंदूक दुसरीकडं. दुश्मन चुकतो. बिलकुल बराबर!"

"पण तात्या, सिनेमातला डावरा तर गोळी खाऊनच मेलाय!"

"मेला," तात्या म्हणला, "पण थांबला का? रोज हजेरीला येतो का न्हाई?"

मी ही नक्कल दुसऱ्याच दिवशी बाजारात केली. मान तशीच तिरकी, आवाज तसाच नाकातून, 'थांबला का?' म्हणताना हात तसाच शिंगावर. लोक पोट धरून हसले. तात्या बी तिथंच होता, तो बी हसला, अन् म्हणला, "शिंग जरा खाली धर. माझा बैल एवढा उंच न्हाई."

आता मोठ्या दिवसाचं सांगतो. बाजाराचा दिवस. दिवेलागणीचा खेळ. आजूबाजूच्या गावांहून गाड्या जुंपून लोक आल्ते. तंबूत पाय ठेवायला जागा न्हाई. उजव्या पार्टीनं म्होरं पैज लावली होती, डाव्यांनी मागं. हरणाऱ्या पार्टीनं सगळ्या गावाला गूळ-शेंगदाणे खाऊ घालायचे. आता पैज दोघांची, सिनेमा तोच, अन् दोघांना दिसतं वेगळं, तर जिंकणार कोण? हे कुणी इचारलं न्हाई. असलं इचारलं तर मजा काय राहिली?

खेळ रंगात आला. धुकं आलं. कंदील हलला. बूट वाजले. चपक, चपक... अन् खाड्! फिल्म तुटली.

पांढरा उजेड! "ए चाचा! चाचा, मेला का?" शिट्ट्या, बोंबा, कुणी हरामखोर बोलला. उस्मानचाचाला घाम फुटला. त्यानं घाईघाईत कंदिलाच्या उजेडात फिल्म कापली, चिकटवली, फुंकर मारली अन् मशीन सुरू केलं. चित्र आलं. पण आवाज न्हाई! नुस्ती घरघर.

"आवाज! आवाज!" तंबू उखडायची वेळ आली.

चाचानं मला हाक मारली. "अरे ओ नकल्या! जल्दी! वो भोंगा उठा अन् बोल! कैसा बी बोल, पर बोल!"

माझ्या जल्माचं सोनं झालं! दिवसा दवंडी द्यायचा पत्र्याचा भोंगा उचलला अन् पळत कापडाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. एक पाय म्होरच्या लोकांत, एक पाय मागच्या लोकांत. तोंडानं बूट वाजवले. चपक, चपक, चपक. एक बाई किंचाळली. मला असा जोर चढला की इचारू नका! धुकं फाटलं, हवालदार आला, अन् मी घशातून तो मुर्दा आवाज काढला, "पलटन... होशियार!"

अन् हवालदारानं सलाम ठोकला.

डाव्या हातानं!

म्होरून! मी म्होरून बघत होतो! कंदील उजव्या हातात, सलाम डाव्यानं! अख्खा तंबू गप. माझ्या तोंडचा भोंगा खाली आला. मास्तर खुर्चीवरून उठले, चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. मंग कुणीतरी गर्जला, "डावरा! अरे, डावरा हाय! तात्या खरा!"

मंग काय सांगू! उजवे डाव्यांच्या गळ्यात पडले. टोप्या उडाल्या. न्हाव्यानं मास्तरला मिठी मारली. "शेरखान! भीमसिंग!" मी भोंग्यातून ओरडून राह्यलो, पण ऐकतो कोण? भीम्याला पयल्यांदाच कुणी अडवलं न्हाई. लोकांचा लोंढा कापडाला वळसा घालून पल्याड निघाला, तात्याला उचलायला.

मी कडेलाच होतो, म्हणून मला मागचं बी दिसत होतं. तात्या उभा राह्यला होता. हातात डहाळा, डहाळ्यातून पाणी त्याच्याच पायावर ठिबकून राह्यलं होतं. मागच्या बाजूनं हवालदार उजव्या हातानं सलाम करत होता. तात्या त्याच्याकडं असा बघत होता, जसं आपल्या घराचं दार उघडावं अन् आत भलतंच कुणी बसलेलं असावं.

तेवढ्यात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "तात्या, जिंकला! तात्या की जय!"

"उतरवा मला," तात्या म्हणला.

कुणाला ऐकूच गेलं न्हाई. "खाली उतरवा रे मला."

उतरवलं. त्यानं पटका नीट केला अन् सिनेमा अर्धा टाकून, बादली तिथंच ठेवून, तंबूच्या बाहेर निघून गेला. लोकांना वाटलं, आनंदानं गहिवरला गडी. 

दुसऱ्या दिवशी मास्तरनं कबूल केल्याप्रमाणं गूळ-शेंगदाणे वाटले. डाव्या पार्टीनं हलगी लावली. सगळे आले, फक्त तात्या न्हाई.

मी तंबूवर गेलो तर उस्मानचाचा फिल्म हातात धरून, डोक्याला हात लावून बसल्ता. "अरे बाप रे, नकल्या! कल घाई में टुकडा उल्टा चिपक गया मेरे हात से!"

त्यानं मला दाखवलं. फिल्मच्या एका कडेला आवाजाची रेघ असते. टुकडा पालथा लागला की ती रेघ दुसऱ्या कडेला जाते, म्हणून आवाज बंद. अन् चित्र बी पालथं. म्हंजी काल म्होरच्यांनी ते पाहिलं जे मागचे रोज बघतात, अन् मागच्यांनी ते पाहिलं जे म्होरचे रोज बघतात! आम्ही दोघं खोकला लागस्तोवर हसलो. मंग चाचा डोळे पुसून म्हणला, "तात्या को जाके बोल. अब सीधा कर दिया मैं. कल बहुत दुखी होके गया वो, मैं देखा."

तात्याच्या घरी गेलो. तात्याची बायको, आमची काकू, अंगणात ज्वारी पाखडत होती. म्हणली, "मळ्यात गेलेत. राती जेवले न्हाईत. काय झालं रे तंबूत? मला तर लोक पेढे मागून राह्यलेत."

मळ्यात गेलो. तात्या ज्वारीच्या मचाणावर बसल्ता, हातात गोफण. मी खालूनच ओरडलो, "तात्या! लई मोठा घोटाळा झालाय! ऐकून हसाल!"

"वर ये. ओरडू नको, पाखरं ऐकतात."

वर गेलो अन् समजवायला लागलो. फिल्म पालथी, रेघ इकडची तिकडं. तात्या नुस्ता बघतोय. मंग मी अंगातला सदरा काढला, आतली बाजू बाहेर केली अन् पुन्हा घातला. "हे बघा! खिसा डावीकडं होता, आता कुठं गेला? उजवीकडं! चाचानं फिल्मला असाच उलटा सदरा घातला! बाकी माणूस तोच!"

तात्या माझ्या खिशाकडं बघत राह्यला. मंग गोफण फिरवली, एक दगड सोडला, पाखरं उठली.

"मला ठाऊक हाय," तो म्हणला.

"कालचं?"

"पयल्यापासूनचं. तो हवालदार उजवाच हाय. मास्तर बराबर बोलतात."

मी तसाच उलट्या सदऱ्यानं खाली बसलो.

"पयल्या साली मी म्होरंच बसल्तो. मास्तरच्या शेजारी. पाहिला त्याला. कुणाचा कोण. उजव्या हाताचा. मंग एक दिवस उस्मान म्हणला, पाणी मारणारं पोरगं आलं न्हाई, तात्या, जरा कापड भिजवता का? मागं गेलो. पाणी मारत होतो अन् तो आला. धुक्यातून. तोंड तर न्हाईच त्याला. पण हात डावा. खांदा बी तसाच पाडलेला. मंग मी पुन्हा म्होरं बसलो न्हाई."

खाली ज्वारीच्या ताटांतून वारं गेलं.

"काल मी मागंच होतो ना रे," तात्या म्हणला. "पाणी बी मारलं होतं. तरी आला न्हाई."

"चाचानं नीट केलंय, तात्या. आज येतो तो. आजच्या खेळाला."

"हां." त्यानं गोफण मांडीवर ठेवली. मंग माझ्याकडं न बघता म्हणला, "नकल्या, तू सगळ्या गावाची नक्कल काढतो. घोडीची बी काढतो. हरीची कामून काढत न्हाई?"

खरं होतं. हरी गेल्यापासून मी त्याची काढली न्हाई. मला कुणी नको म्हणलं नव्हतं. मी आपणहून न्हाई काढली.

"काढू?"

"काढ. हळू काढ. काकूला ऐकू जाईल."

काकू कुठं घरी, आम्ही कुठं मळ्यात. पण मी हळूच काढायचं ठरवलं. हरी अन् मी लई दिवस एका गाडीत बसून घनसावंगीच्या शाळेला जायचो; त्याचा आवाज मला पाठ होता. नाक दाटल्यासारखा जड, पयला शब्द घाईत अन् शेवटचा लांबवलेला. मी तात्याकडं पाठ केली. माझं तोंड दिसलं असतं तर हरीचं कसं वाटलं असतं?

"तात्या," मी म्हणलो, "मी आलो—"

"आलो म्हणू नको!"

एवढ्या जोरात बोलला की बसलेली पाखरं भर्रकन उडाली. मी दचकून मागं पाहिलं. तात्याचा हात माझ्या खांद्यावर आला, खूप हलका.

"आल्यावर ते त्यालाच म्हणू दे," तो म्हणला. "तू नुस्तं, येऊन राह्यलो, एवढंच म्हण."

मी पुन्हा पाठ केली. घसा साफ केला. जल्मात एवढी जपून नक्कल केली न्हाई.

"तात्या... येऊन राह्यलोऽ."

उडालेली पाखरं परत आली, एक एक करून कणसांवर बसली, दाणे टिपायला लागली. तात्यानं गोफण उचलली न्हाई.

"ये," तो म्हणला. "सावकाश ये, बाबा. गारठा लई हाय. अंगावर घेऊन ये."